अंग आधी, कापड मागून

सोलापुरात मुलींचा नृत्यवर्ग चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. कथकच्या अंगाने बसवलेलं समूहनृत्य त्यांच्या मुलींनी हुतात्मा स्मृती मंदिरात सादर केलं. सलवार-कमीजमधल्या तालमी झकास झाल्या होत्या. कार्यक्रमाला मुद्दाम शिवून घेतलेले सॅटिनचे घागरे-चोळ्या चढल्या आणि सगळा नाच आक्रसला. चक्कर संपल्यावर काहींचे पाय घेरात अडकले, खाली बसून उठताना एक मुलगी तोंडावर पडता पडता सावरली, हात कानाच्या वर जाईनात, घुंगरू खाली घसरले. त्या विचारतात, एवढा पैसा घालून नाच लहान का दिसला? आणि पुढच्या वेळी आधी नाच बसवायचा की आधी कपडा ठरवायचा?

ताई, तुमचे घागरे उभ्या मुलीच्या मापाने शिवले गेले. बिघडलं ते तिथेच.

मी बरीच वर्षं इथल्याच एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला होते. आता नृत्याची ड्रेपरी, म्हणजे नाचाचे कपडे, शिवते. स्वतः कथक मध्यमा परीक्षेपर्यंत शिकलेली आहे, त्यामुळे ट्रायलला आलेल्या मुलीला "जरा तिहाई घेऊन दाखव गं" म्हणता येतं. गणवेश घालणारं पोर प्रार्थनेला सावधान उभं असतं, बाकावर बसतं, फार तर मैदानावर पळतं. छाती, खांदा, कंबर, उंची एवढ्यावर त्याचं भागतं. नाचणाऱ्या अंगाला ही चारही मापं अपुरी पडतात, कारण नाच सुरू झाला की यातलं एकही माप जागेवर राहत नाही. हात पुढे घेतले की पाठ दीड-दोन इंच रुंद होते. गुडघे बाहेर काढून बसलं की कंबर पाच-सहा इंच तरी खाली येते. श्वास चढला की छातीचा घेर बदलतो. शिंप्याने टेपने घेतलेलं माप हे त्या मुलीचं नाच सुरू होण्याआधीचं माप असतं.

ड्रेपरीत मी एकच गोष्ट बघते. अंग हलतं आणि कापड त्याच्या मागून येतं. मान वळून झाली तरी ओढणी अजून वाटेत असते, चक्कर थांबली तरी घागरा फिरत असतो. मधे जो उशीर राहतो, तो कुठे हवा, कुठे नको आणि किती मात्रांचा हवा, हे ठरवणं म्हणजे नाचाचा कपडा शिवणं. रंग, टिकल्या, गोटा-जर हे सगळं त्याच्यानंतर. तुमच्या घागऱ्यात उशीर भरपूर होता आणि नाच त्याच्यासाठी थांबत नव्हता. चोळीत तो जराही चालत नाही, आणि नेमकं तिथे मुलीच कपड्यासाठी थांबल्या.

चोळीपासून सुरू करते, कारण हात वर न जाणं लांबून सगळ्यांना दिसतं आणि त्याचं कारण फारसं कुणाला कळत नाही. हात अडतो म्हटलं की शिंपी मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल करतो. त्याने उलटंच होतं. मुंढा जितका खोल, तितकी बाही खाली कमरेकडे जोडली जाते. मग हात वर जाताना ती बाही अख्ख्या चोळीला वर ओढते. पोट उघडं पडल्याचं मुलीला जाणवतं आणि ती हात अर्ध्यावरच सोडून देते. मुंढा लहान, काखेला अगदी लागून ठेवला, तर हात सरळ डोक्यावर गेला तरी चोळी जागची हलत नाही. त्याच्याबरोबर बाहीच्या माथ्याची, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या वरच्या गोलाईची, उंचीही कमी करावी लागते. उंच माथ्याची बाही हात खाली सोडून उभं राहिल्यावर सुरेख दिसते, एक सुरकुती पडत नाही, म्हणून ट्रायलला ती सगळ्या आयांना आवडते. बुटक्या माथ्याच्या बाहीला हात खाली असताना काखेपाशी चुण्या पडतात, पण हात बाजूला आणि वर मोकळा जातो. कथकमध्ये हात निव्वळ खाली लोंबत असतो तरी कधी?

जुने शिंपी अंगरख्यात, सदऱ्यात काखेखाली चौकोनी तुकडा घालायचे, चौबगला, तो याच कामाचा. रेडिमेडवाल्यांनी तो काढून टाकला, कारण एका नगामागे शिवणीच्या चार बाजू आणि चार कोपरे वाढतात, आणि कोपऱ्यात सुई नीट वळवणारा कारागीर लागतो. मी नृत्याच्या चोळीत अजून घालते, मूळ कापडाचाच, उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापून. प्रेक्षकांना तो दिसत नाही. मुलीला मात्र पहिल्या ताथैलाच कळतं.

ट्रायल घेताना आरसा झाकून ठेवा, असं मी सगळ्या वर्गवाल्यांना सांगते. आरशासमोर मुलगी स्वतःला बघत स्थिर उभी राहते आणि स्थिर अंगावर वाईट कटिंगही छान दिसतं. तिला आरशाकडे पाठ करून दोन्ही हात वर न्यायला सांगा आणि चोळीच्या खालच्या कडेकडे बघा. कड दोन बोटांपेक्षा जास्त सरकली तर चोळी शिंप्याकडे परत. मग तिला स्वतःलाच मिठी मारायला सांगा. पाठीवरचे हुक ताणले जाऊन फटी दिसल्या तर रंगमंचावर तेच हुक पहिले सुटणार. हुकांच्या जोडीला वर एक आणि खाली एक बांधायचा बंद हवाच.

आता घागरा. त्याची उंची कंबर ते घोटा अशी घेतली असणार, बरोबर? उभ्या मुलीला ती बरोबर. पण कंबर पाच इंच खाली आली की घागराही पाच इंच खाली येतो, आणि त्या पाच इंचांवर मुलगी पाय देते. मग उठायला गेली की स्वतःच स्वतःला खाली ओढते. ती पडता पडता वाचलेली मुलगी अशीच ओढली गेली असणार. म्हणून घागऱ्याचं माप नाचातल्या सगळ्यात खालच्या मुद्रेत घ्यायचं, आणि ती मुद्रा जमिनीवर बसायचीच असेल तर बसण्याची रीतच बदलायची. सरळ खाली बसलं तर कापड गुडघ्याखाली जातं. अर्धी चक्कर घेत बसलं तर घेर बाहेर पसरतो आणि गुडघा जमिनीला मोकळा टेकतो. उठतानाही फिरतच उठायचं. दिसायलाही ते जास्त चांगलं दिसतं, पण सांगते आहे ते अडकू नये म्हणून.

घेराचं गणित बघा. कंबर २८ इंच आणि उंची ३६ इंच धरली, तर पूर्ण गोल कापलेल्या, म्हणजे अंब्रेला घागऱ्याची खालची कड जवळपास २५४ इंच, साडेसहा मीटरच्या आसपास भरते. त्याच मापाचा अर्धगोल घेतला तर कड १४१ इंच, साडेतीन मीटरच्या थोडी वर. कळ्या, म्हणजे वर निमुळते आणि खाली रुंद तुकडे, खालून १६ इंच रुंदीचे १६ जोडले तर कड २५६ इंच, म्हणजे पूर्ण गोलाएवढीच. कागदावर दोन्ही सारखे, अंगावर अजिबात नाहीत. गोल कापात कापड काही ठिकाणी उभ्या धाग्यावर पडतं आणि काही ठिकाणी उरेब. उरेब भाग आपल्याच वजनाने लांबतो. आज शिवलेला अंब्रेला घागरा आठ दिवसांनी चार ठिकाणी खाली उतरलेला दिसतो, आणि पाय अडकतो तो बहुतेक तिथेच. म्हणून गोल कापलेला घागरा घोळ, म्हणजे खालच्या कडेची दुमड, न घालता निदान दोन रात्री टांगून ठेवायचा, मग मुलीला चढवून जमिनीपासून पट्टीने मोजून कड सारखी करायची आणि नंतरच घोळ. घाईच्या हंगामात हे कुणी करत नाही. कळीदारात एका कळीची सरळ कड दुसरीच्या उरेब कडेला जोडली की सरळ धागा उरेबाला धरून ठेवतो, म्हणून तो इतका उतरत नाही. शिवण वाढते, मजुरी वाढते, तरी कथकला मी कळीदारच सुचवते. कळ्यांच्या शिवणी चक्करीत उभ्या रेघांसारख्या पसरतात आणि वेग डोळ्याला कळतो, हा वरचा फायदा.

वजनाकडेही बघा. घोळाला रुंद गोटा लावला की घेर उचलायला वेळ लागतो, पण एकदा उचलला की लवकर खाली बसत नाही. हलका जॉर्जेट चटकन उठतो आणि चटकन पडतो. पाच चक्करींच्या तुकड्याला जड गोटा चालतो. एका चक्करीत थांबायचं असेल तर जड घेर अर्धवटच उठतो आणि नाच थकलेला वाटतो. त्यात तुम्ही म्हणता ते सॅटिन, बहुधा पॉलिस्टरचंच. जानेवारीच्या कोरड्या हवेत पॉलिस्टर लेगिंगला घासून पायाला चिकटतं. आतून सुती अस्तर किंवा सुती परकर असला की हा त्रास बराच कमी होतो.

आता पाय अडकला त्याचं नेमकं कारण. मुलगी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते. घागरा थांबत नाही. तो आधी फिरत होता त्याच दिशेने पुढे जातो, पायांभोवती गुंडाळतो, मग उलट सुटतो. घेर मोठा आणि घोळ जड असेल तर या येण्याजाण्यात मध्यलयीची मात्रा-दीड मात्रा सहज जाते. थांबलेल्या अंगाभोवती फिरत राहिलेला घेर ही कथकची शानच आहे, त्यासाठीच तर लोक टाळी देतात. पण तुम्ही समेनंतर लगेच पुढचं पाऊल बसवलं असणार, आणि ते पाऊल पडलं तेव्हा कापड पायाला गुंडाळलेलं होतं. सलवार-कमीजमध्ये ही मात्रा लागत नाही, म्हणून तालमीत काही कळलं नाही. दोन उपाय आहेत. एक तर समेनंतर एक मात्रा नुसतं उभं राहा, नजर द्या, श्वास घ्या. नाहीतर पुढची हालचाल चक्करीच्याच दिशेने सुरू करा, म्हणजे कापड आणि पाय एकाच वाटेने जातील. उलट दिशेचं पाऊल लगेच घ्यायचंच असेल तर घेर अर्धगोलावर आणा.

वेगवेगळ्या नृत्यशैलींनी हा उशीर आपापल्या परीने सोडवलेला आहे, आणि ते बघितलं की शिवणाऱ्याला फार शिकायला मिळतं. भरतनाट्यममध्ये दोन पायांच्या मधे निऱ्यांचा पंखा शिवतात. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३०च्या दशकात देवळातल्या शिल्पांकडे बघत हा पोशाख नव्याने आखला, आणि पुढे शिवलेला पोशाख सगळीकडे रूढ झाला. गुडघे बाहेर गेले की पंखा उघडतो, पाय मिटले की मिटतो. उशीर जवळजवळ शून्य. अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसणं, खोल नसेल तर पंखा अर्धाच उघडतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं की पोरगी नीट बसलेली नाही. म्हणून नवख्या मुलीला फार रुंद पंखा शिवून देऊ नये, असं माझं मत आहे. गुरूंना ते पटत नाही, त्यांना पंखा मोठाच हवा असतो.

मणिपुरी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. रासातला, म्हणजे कृष्णलीलेच्या नाचातला, कुमिल हा कडक, गोल, पिंपासारखा घागरा असतो. त्याच्यात पायांचं काही म्हणजे काही दिसत नाही. पाय चवड्यावर हळू पडतात, बायका घुंगरू बांधत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं की मूर्ती तरंगत सरकते आहे. हा पोशाख अठराव्या शतकातल्या राजा भाग्यचंद्राला स्वप्नात दिसला, असं मणिपूरमध्ये सांगतात. तिथे पायाचं काम झाकणं हाच नाच आहे. तुमच्या मुलींच्या तत्कारावर, म्हणजे पायाच्या कामावर, तसा घागरा चढवला तर सगळी मेहनत आत राहील. तत्कार दिसायला घोटा दिसला पाहिजे, म्हणजे उभं असताना घोळ घोट्याच्या दोन-तीन बोटं वर.

आपली लावणी बघा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, घागऱ्यापेक्षाही जास्त, पण काष्टा घातला की दोन्ही पाय वेगळे होतात आणि एवढ्या कापडातला एक इंचही पायात येत नाही. उशीर सगळा पदरात ठेवायचा, किंवा पदरही कमरेला खोचून तोही संपवायचा. पायातल्या चाळांचं वजन काही किलोंत जातं, त्यामुळे पाय उंच उचलून फेकण्यापेक्षा जमिनीवर सपाट आपटण्याकडे अंगाचा कल होतो, आणि लावणीचा ठसका बराचसा त्या वजनातून येतो. मोडनिंबच्या कला केंद्रांतल्या किंवा अकलूजच्या लावणी स्पर्धेतल्या बायका साडी नेसताना बघायला मिळाल्या तर जरूर बघा. काष्टा ओढताना त्या उभ्या नसतात, गुडघे थोडे वाकवून पाय फाकवलेले असतात. नाचातली ढब घेऊनच नेसतात, म्हणून नंतर काही सरकत नाही. गॅदरिंगला मिळणारी शिवलेली नऊवारी पाहिलीत ना? इलॅस्टिकची कंबर आणि आसन गुडघ्यापर्यंत खाली. पोरीचं पाऊल तेवढ्यातच अडतं, मग कितीही ठेका धरा. सातआठ वर्षांच्या मुलींना शिवलेली ठीक, पण आसन वर घेऊन आणि मधे कळी घालून. मोठ्या मुलींना नेसवाच. नेसवायला अर्धा तास जातो, जाऊ द्या.

घुंगरांवरून आठवलं. 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात घुंगरांचं वर्णन आहे, काशाचे, निळ्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, आणि एका पायात शंभर किंवा दोनशे. कथकवाले आजही दोरीत ओवतात, भरतनाट्यमवाले चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्टीवर. तुमच्या मुलींचे घुंगरू खाली घसरत होते असं तुम्ही लिहिलंय, ते चकचकीत लेगिंगमुळे. चुडीदार सुती आणि उरेब कापलेला असायचा तेव्हा घोट्यावरच्या चुण्यांनी घुंगरांना आधार मिळायचा. आता घोट्यावर आधी सुती पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर दोरी बांधा.

सोलापुरात राहून हलत्या अंगाचा कपडा शिकायला लांब जायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. त्या उंच, जड काठ्यांचा तोल सांभाळणारा माणूस पांढऱ्या बाराबंदीत असतो. बाराबंदीला बटणं नसतात, बंद असतात. बटणाची शिवण एका रेषेत ताणली जाते आणि ताण वाढला की बटण तुटतं. बंद थोडा सैल होतो, सरकतो, अंगाबरोबर जुळवून घेतो आणि तरी सुटत नाही. खांदा, पाठ, काख असं सगळं अंग जोर लावत असताना कपडा मधे येत नाही. मी कित्येक नृत्यपोशाखांना पाठीवर हुकांऐवजी बंद लावते ते हे बघून. मिरवणुकीतली लेझीम बघताना मुलांच्या फेट्याच्या शेमल्याकडे, म्हणजे मागे लोंबत्या टोकाकडे, बघा. पथक खाली वाकतं, शेमला अजून वरच असतो. पथक उसळतं तेव्हा शेमला खाली येत असतो. पन्नास शेमले एकाच वेळी उशिरा येतात, त्यानेच ओळ एकसारखी दिसते. एकाने शेमला आखूड सोडला असेल तर तोच पोरगा चुकतोय असं वाटतं. समूहनृत्यात सगळ्यांच्या ओढण्या, पदर, गोंडे एका लांबीचे का हवेत, याचं उत्तर तिथे आहे. मुलीच्या उंचीप्रमाणे ओढणी लहानमोठी करायची नाही, सगळ्यांची लटकती बाजू सारखी ठेवायची.

आणि नवरात्राच्या सुमाराला शहराच्या पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्मा खेळतात, तेही बघा. जड काठाच्या साड्या, फुलांच्या रचलेल्या थराभोवती गोल, टाळी, थोडं वाकणं, बाजूला एक छोटं पाऊल. उडी नाही, मोठी ढांग नाही. निऱ्या जेवढं पाऊल देतात तेवढंच पाऊल, आणि त्याच्यातच सगळी लय. कपडा आणि नाच पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले की अडचणीची हालचाल आपोआप गळून जाते. व्यासपीठावरच्या नाचाला तेवढा वेळ मिळत नाही. गाणं ऑक्टोबरात ठरतं आणि कार्यक्रम डिसेंबरात असतो.

पाश्चात्त्य नृत्यातली दोन नावं सांगते. एक लोई फुलर. अमेरिकेची ही बाई १८९२ मध्ये पॅरिसला गेली आणि तिथल्या फोली बर्जेर थिएटरात गाजली. रेशमाचा प्रचंड घेर, बाह्यांच्या आत शिवलेल्या लांब काठ्या, त्यावर रंगीत दिवे. काठीमुळे हात लांब होतो आणि मनगटाची लहानशी हालचाल काही फूट लांबच्या कापडापर्यंत पोचते. नर्तकीच्या पोशाखाच्या या रचनेचं तिने १८९४ साली पेटंट घेतलं. तिच्या नाचात बाई जवळजवळ दिसतच नाही, कापडाचा उशीर हाच सगळा खेळ. दुसरी मार्था ग्रॅहम, तीही अमेरिकेचीच. १९३० मधल्या तिच्या 'लॅमेंटेशन'मध्ये ती बाकावर बसलेली आहे आणि अंगावर ताणल्या जाणाऱ्या जर्सीची एक नळी, बाहेर फक्त चेहरा, हात, पावलं. कोपर बाहेर ढकलला, गुडघा वळवला की कापडावर तिरप्या रेघा उमटतात. दुःख त्या रेघांत दिसतं. हे कापड मागून येत नाही, अंगाबरोबरच ताणलं जातं. मला विचाराल तर शिवणाऱ्याने दोघींची चित्रफीत शेजारी शेजारी बघावी.

आता बायकांनी बायकांशी बोलायची गोष्ट. मोठ्या मुलींचा नाच लहान दिसण्याचं एक कारण कटिंगमध्येही नसतं. गळा खाली सरकेल, आतली पट्टी दिसेल, अशी धास्ती असलेली मुलगी सगळा वेळ एक डोळा स्वतःच्या गळ्यावर ठेवते. दर आठ मात्रांनी तिचा हात चोळी वर ओढायला जातो. ते तिला कळत नाही, पण पहिल्या रांगेला दिसतं. आतून घट्ट सुती स्लिप द्या, बाहेरचा गळा तिलाच टाके घालून जोडा, ओढणी खांद्यावर आणि कमरेला पिनांऐवजी टाक्यांनी पक्की करा. पिन अंगाला लागते आणि पातळ कापड फाडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. उन्हाळी शिबिराच्या समारोपाला सिंथेटिक चोळ्या घालून मुलींना नाचवू नका, घामाने चोळी पाठीला चिकटली की पाठ वाकत नाही.

आधी नाच की आधी कपडा? मी वर्गवाल्यांकडून आधी दोनच गोष्टी मागते. सगळ्यात खाली जायची जागा आणि सगळ्यात जोरात फिरायची जागा. ते तुकडे बसलेले असले की माप आणि घेर ठरतो. मग मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, एक सराव-घागरा शिवायचा, तोच घेर, तीच उंची, घोळात जुना गोटा किंवा जाड दोरी घालून तेवढंच वजन. चाटी गल्लीतून स्वस्तातलं कापड घेतलं तर चारपाच मुलींचं भागतं, त्या आलटून पालटून घालतील. उरलेला नाच त्याच्यावर बसवायचा. समेवर थांबायचं किती, बसायचं कसं, ओढणी कुठल्या हाताने बाजूला करायची, हे त्या मांजरपाटात आपोआप ठरतं. खरा कपडा अंगावर आला की मुलींना तो ओळखीचा वाटतो. रंगीत तालमीला पहिल्यांदा घागरा चढवणं म्हणजे त्या दिवशी नवा नाच शिकवणं.

टिकल्यांबद्दल एकच. अख्ख्या घागऱ्यावर चमक असली की दिव्यात सगळं सारखंच चकाकतं आणि घेर कुठे चालला आहे ते कळत नाही. चमक घोळाच्या वर एका पट्टीत ठेवा, म्हणजे चक्करीत एक रेघ फिरताना दिसेल.

आता तुमच्या त्या घागरे-चोळ्यांचं काय करायचं. टाकू नका. सगळे घागरे घोळ उसवून दोन रात्री टांगा, उतरलेलं कापड सारखं करा आणि उंची मुलीला गुडघे वाकवून खाली जायला लावून पुन्हा घ्या. जास्तीचं कापड कापू नका, आत दुमडून कच्चा टाका घाला, मुली वाढतात. ताग्यातलं उरलेलं कापड असेल तर चोळीच्या काखेत चौबगला घाला. नसेल तर त्याच रंगाचं सुती कापड चालेल, काखेत कुणाला दिसत नाही. खोल मुंढा आता वर घेता येणार नाही, पण चौबगल्याने निम्मं काम होईल. पाठीला वरखाली बंद लावा. आतून सुती परकर. नेफ्याच्या, म्हणजे नाडी घालायच्या पट्टीच्या, आत प्रत्येकीचं नाव लिहिलेली पट्टी शिवा, कारण आता प्रत्येक घागऱ्याची उंची वेगळी झालेली असेल आणि अदलाबदल झाली तर केलेलं सगळं फुकट. एकदा घोळ बसला की मात्र घागरे टांगून ठेवायचे नाहीत. सैलसर गुंडाळून ट्रंकेत ठेवा, नाहीतर डिसेंबरच्या गॅदरिंगपर्यंत उरेब पुन्हा उतरलेलं असेल.